अण्णाच्या मापाची चेन

आडवं होऊन सायकल चालवणाऱ्याला रस्ता थोडा दिसतो आणि आकाश फार. भुसावळ सोडलं तेव्हा थंडी नुकती धरू लागली होती आणि धुकं विजेच्या तारांपर्यंत उतरलं होतं. तारांवर वेडे राघू ओळीने बसले होते. पाय माझ्या डोळ्यांसमोर, छातीच्या उंचीवर फिरत होते, आणि ते कुणा दुसऱ्याचे असावेत असं वाटत होतं. पाठ नवारीच्या पट्ट्यांच्या बैठकीला टेकलेली. उसाच्या ट्रॉल्या, एस.टी., दुधाचे कॅन अडकवलेल्या मोटारसायकली, सगळं डोक्याच्या वरून वाहत जात होतं. अशा सायकलवर माणूस प्रवासाला निघत नाही, त्याला कुणीतरी उचलून नेत असतं.

ही सायकल माझी नाही. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची. अण्णाचा जन्म गेला बुऱ्हाणपूरच्या बाजूच्या एका कागद कारखान्यात, फिटर म्हणून. निवृत्तीनंतर त्याने तापीच्या काठी जैनाबादला घर घेतलं. पाठ दुखू लागली तेव्हा साधी सायकल सुटली, म्हणून लोखंडी नळ्या जोडून त्याने ही आडवी सायकल बनवली. बसणारा मागे रेलून बसतो, पायडल पुढे एका नळीच्या टोकाला. त्या नळीला आम्ही घरात नाक म्हणतो. ज्याचे पाय जितके लांब, तितकं नाक बाहेर काढायचं. पायडलपासून मागच्या चाकापर्यंत एवढं अंतर की साध्या सायकलच्या दोन-तीन चेन एकमेकींना जोडाव्या लागल्या. ती लांबलचक चेन बैठकीखालून एका पुलीवरून सरपटत मागे जाते आणि परत येते.

मागच्या वर्षी अण्णाला पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, मग हळूहळू बरीचशी परत आली. तोल मात्र आला नाही. डॉक्टरांनी मला आणि वहिनींना खोलीबाहेर बोलावून सांगितलं की हे गृहस्थ आता पुन्हा दोन चाकांवर बसणार नाहीत. आम्ही दोघं आत गेलो आणि अण्णाला सांगितलं, डॉक्टर म्हणतात, नेटाने व्यायाम केलात तर सगळं होतं तसं होईल. आपल्याकडे याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. रोग्याला धीर देणं म्हणतात.

अण्णाने विश्वास ठेवला. घरी आल्यावर त्याने सायकल केळीच्या ट्रकवर टाकून माझ्याकडे पाठवली. तोवर तू चालव म्हणाला, चाकं जाम व्हायला नकोत. त्याचे पाय लांब, माझे आखूड. मी नाक चार बोटं आत ढकललं. चेन जाऊन परत येते, म्हणजे नाक चार बोटं आत गेलं की चेन आठ बोटं सैल पडते. मागचा काटा (चेनला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर) थोडाफार सैलपणा पोटात घेतो, एवढा घेऊ शकत नाही. मोठ्या चक्रांवर, म्हणजे चढावाच्या हलक्या गेअरवर, चेन कशीबशी ताठ राहते. सपाटीचे भारी गेअर टाकले की ती लोंबते, फटाफट आपटते, उड्या मारते.

यावर उपाय सोपा आहे. चेनच्या काही कड्या काढून टाकायच्या. तेवढं मला येतं. मी केलं नाही. चेन कापली की ती अण्णाच्या पायांना पुरणार नाही, आणि कापण्याचा अर्थ एकच होतो. म्हणून वर्षभर मी सपाट रस्त्यावर चढावाचे गेअर टाकून, पाय भरभर फिरवत, जरासाच पुढे जात राहिलो. कुणी विचारलं तर सांगायचो, जरा गेअरची तक्रार आहे. अण्णाने फोनवर विचारलं तर सांगायचो, लोण्यासारखे पडतात.

मग त्याचाच फोन आला. मी तयार आहे, म्हणाला. सायकल घेऊन ये. चालवतच आण, म्हणजे कशी ठेवलीस ते कळेल. तो बसणार होता. बसला असता तर पडला असता, आणि मला ते ठाऊक होतं. तो बसण्याआधी मला सांगायचं होतं. भुसावळपासून जैनाबादपर्यंतचा रस्ता एवढ्याच कामासाठी होता.

मुक्ताईनगर मागे पडलं आणि धुकं विरलं. राज्याची सीमा कधी ओलांडली ते कळलं नाही. पाट्यांवरची अक्षरं तीच राहिली, शब्द हिंदी झाले, एवढंच. इच्छापूरला पंक्चरच्या दुकानापाशी थांबलो, कारण चेन पुलीवरून उतरली होती. दुकानदार सलीमभाई ट्रकचं टायर सोडून उठले आणि सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाले, “क्या भैया, पलंग को पायडल लगा दिया?”

बाकड्यावर चहा पीत एक म्हातारा बसला होता. त्याने कप खाली ठेवला. “आतापर्यंत तिरडी चार जणं नेत होते,” तो म्हणाला. “हा पहिलाच भाऊ पाहिला, सोताच्या पायाने चालवणारा.”

सगळे हसले. मीही हसलो. सलीमभाईंनी चाक उचलून धरलं, गेअर टाकून पाहिले, आणि निकाल दिला की तार ढिली आहे. काट्यापाशी वायर ताणायचा छोटा गोल स्क्रू असतो, तो त्यांनी फिरवला, आणखी फिरवला. मी जवळ उभा राहून पाहत होतो. तार ढिली नव्हती. त्यांना तसं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागे दुसरं आलं असतं, चेन लांब का, आणि त्यामागे तिसरं. ते त्यांच्या जागी बरोबरच होते. मी मान डोलावत राहिलो. माझा स्वभावच तसा. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली, तिथे गप्प बसणं हा गुण मानतात.

तार ताणल्यामुळे आता हलके गेअरही धड पडेनात. टाकावा एक, चेन दोन चक्रं पलीकडे जाई आणि मग मनाने परत येई.

शाहपूरकडे जाताना दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या. आडवं पडून केळीच्या बागेतून जाणं कसं असतं ते उभ्याने जाणाऱ्याला सांगता येत नाही. पानं थेट डोक्यावर येतात. ऊन त्यांतून झिरपून हिरवं होऊन तोंडावर पडतं, आणि वाऱ्याने चिरलेल्या पानांचा सळसळाट पाण्यासारखा कानात शिरतो. डोळे उघडे असून मला झोप लागली असावी. अण्णा पुढे चालला आहे आणि मी त्याच्या कॅरिअरवर बसलो आहे, माझे पाय जमिनीला लागत नाहीत, असं काहीतरी मला दिसत होतं. काडकन आवाज झाला आणि चेन मागे अडकली.

बागेच्या तोंडाशी नवरा-बायको केळीचे घड गाडीत चढवत होते. त्याचं नाव गोपाळ. त्याने आधी सायकलीकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. “कुठी चालले भाऊ? पोटात काही घातलं का?” त्यांचं दुपारचं जेवण व्हायचं होतं. केळीच्या सावलीत बसून आम्ही कळण्याची भाकरी (उडीद घालून दळलेल्या ज्वारीची), वांग्याचं भरीत आणि कांदा खाल्ला. भरताला काटक्यांच्या जाळाचा वास होता. त्यांची मुलगी बुऱ्हाणपूरला शिकते, घरी आली की निम्मं हिंदीच बोलते, अशी तक्रार त्याने केली, आणि केली तीही निम्मी हिंदीतच.

हात धुऊन गोपाळ काट्याकडे वळला. काटा वाकला आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. पाना लावून त्याने तो आत दाबला, एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा दाबला. काटा सरळ होता, आता वाकला. मी अहो राहू द्या, अहो राहू द्या, एवढंच म्हणत राहिलो, जसं जेवताना वाढणाऱ्याला म्हणतात, आणि तितकंच ते मानलं गेलं.

त्याची बायको तोवर पुढच्या बाजूला उभी होती. नळीवरून तिने बोट फिरवलं. “ही पहिले बाहेर होती ना, भाऊ? इथून रंग निराळा दिसते.”

“नाही,” मी म्हणालो. “पहिल्यापासून अशीच आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि फडक्यात दोन भाकरी बांधून माझ्या हातात दिल्या. मी त्या घेतल्या. त्या बाईशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. ती मला ओळखत नव्हती, अण्णाला ओळखत नव्हती. तरी ते तोंडातून इतकं सहज गेलं की मला माझीच भीती वाटली.

तापीचा पूल यायच्या अलीकडेच जैनाबादकडे जायचं वळण आहे. मी ते ओळखलं. ऊन कलंडलं होतं, अण्णा ओट्यावर येऊन बसायची ती वेळ. मी वळलो नाही. गेअर धड पडत नाहीत, अशी सायकल त्याला कशी दाखवायची, आधी शहरात नीट करून घेऊ, असं मी मनाशी म्हणालो आणि पूल ओलांडून बुऱ्हाणपुरात शिरलो. कारण अगदी सुबक होतं. वर्षभरात मला अशी कारणं रचायची सवय झाली होती.

राजपुऱ्यात एक लॉज मिळालं. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू होते, खटाखट खटाखट, बिछान्याला सुद्धा त्या आवाजाचा हलका कंप होता. खाली गल्लीत सायकलभोवती माणसं जमली. त्यातला जुबेर लूमवर काम करणारा, तिशीतला, पाळी संपवून आलेला, केसांत कापसाचे तंतू. “सर, हे तर मी दोन मिनिटांत करून देतो. व्हिडिओ बघितलेत मी. पूरा सिस्टीम समजतं मला.” काट्याला दोन बारीक स्क्रू असतात, चेनने कुठवर जायचं त्याच्या हद्दी ते ठरवतात. चेन अडते आहे म्हणजे हद्द कमी पडते आहे, असा त्याचा तर्क. तर्क वाईट नव्हता. त्याने हद्द सैल केली.

आम्ही सायकल शहराच्या जुन्या दरवाज्यापर्यंत चालवून पाहायला नेली. संध्याकाळची गर्दी होती, हातगाड्यांवर सीताफळं होती. मी बसलो, हलका गेअर टाकला. चेन शेवटच्या चक्रावरून पलीकडे गेली आणि चाकाच्या आऱ्यांत घुसली. चाक जागीच थांबलं आणि मी कमानीसमोर भर रस्त्यात, आडवा, आकाशाकडे तोंड करून पडून राहिलो. वर वटवाघळं निघाली होती. फार शांत वाटलं. उठूच नये असं वाटलं.

जुबेरने हात देऊन उठवलं. त्याचा चेहरा उतरला होता. दोन आरे वाकले होते. “सॉरी सर, मेरे से बिगडलं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आजूबाजूचे त्याला चिडवू लागले, लूम सोडून आता सायकलीही बंद पाडायला लागला म्हणून. आणि मी काय केलं, तर होतं असं कधीकधी, म्हणालो. क्षमा केल्यासारखा सूर लावून. दोष माझा आणि मोठेपणाही माझाच.

सकाळी मी चालत राजघाटावर गेलो. तापीवर वाफ होती. नदीच्या पात्रातला दगडी हत्ती पाठीपर्यंत उघडा होता आणि वाफेमुळे तो चालतो आहे की पाणी चालतं आहे ते कळत नव्हतं. पलीकडे जैनाबादची झाडं. पलीकडच्या काठावरून धुण्याचा आवाज येत होता, आणि आवाज पोचेपर्यंत धुणारीचा हात पुन्हा वर गेलेला असे. मी बराच वेळ बसलो. अण्णा पलीकडे उठून तयार होत असणार, हे मला या काठावरून दिसल्यासारखं दिसत होतं.

परतताना मिठाईच्या दुकानात जुबेर भेटला. कढईत मावा जलेबी (खव्याची, जाड, जवळजवळ काळी) तळली जात होती. त्याने माझ्यासाठीही मागवली, कालची भरपाई म्हणून. जलेबी गरम होती. मी ती तशीच बशीत ठेवली.

मी त्याला सांगितलं. तुझ्या हातून काही बिघडलं नाही. चेनच लांब आहे, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग का ते सांगितलं. भाऊ, दवाखाना, डॉक्टर, सगळं. वर्षभरात कुणालाही न सांगितलेलं मी जलेबीच्या दुकानात एका परक्या माणसाला सांगितलं, आणि सांगायला फारसा वेळही लागला नाही.

तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने आधी जलेबी खाऊन संपवली. मग म्हणाला, “तो फिर बताया क्यूँ नहीं?” त्याने बोटं पुसली. “हमसे तो स्क्रू फिरवून घेतला, सर. भाऊकडून काय फिरवून घेणार आहात?”

चिडवण्याच्याच सुरात म्हणाला तो. पण मी सायकल घेऊन निघालो. आरे त्याने रात्रीतच ठोकून जागेवर आणले होते, चेनही चढवली होती. तरी बसायचा धीर झाला नाही. हँडल धरून पुलावरून चालत गेलो. मागून येणारे ट्रक हॉर्न देत होते, आणि चेन माझ्या पावलागणिक झोके घेत होती.

अण्णा दारात उभा होता. दाराशेजारच्या खिडकीचा गज एका हाताने धरून, डावा पाय जमिनीवर, उजवा किंचित उचललेला. हाच त्याचा व्यायाम. कपाळावर घाम होता. पँटचा उजवा पाय रबर लावून बांधलेला, चेनमध्ये अडकू नये म्हणून. डोक्यावर कारखान्यातली जुनी टोपी. तो तयार होता.

“चालत आणलीस?” तो म्हणाला.

वहिनी मागून बाहेर आल्या. आधी पाणी घेऊ द्या त्यांना, असं काहीतरी म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला दवाखान्यापासून ओळखीची होती. आज नको, असं ती म्हणत होती. गेलं वर्षभर रोजचा दिवस आज नकोचा होता.

अण्णा खुर्चीत बसला. मला मागचं चाक उचलून धरायला लावलं आणि उजव्या हाताने पायडल फिरवू लागला. डोळे मिटून ऐकत होता. “कोणी कोणी हात लावला?”

मी सांगितलं. इच्छापूरला तार ताणली, शाहपूरजवळ काटा दाबला, राजपुऱ्यात हद्द सैल केली.

“मग आधी लोकांनी केलेलं काढ. जे शेवटी केलं ते पहिले. सगळं काढल्याशिवाय मूळ दुखणं दिसत नाही.”

तसं मी केलं. हद्दीचा स्क्रू परत आत. मग काटा, तो किती बाहेर घ्यायचा हे अण्णा बोटाने दाखवत होता. मग तार. पायडल पुन्हा फिरलं. हलके गेअर एकामागून एक निमूट पडले. मग भारी गेअर टाकला आणि चेन फटाफट आपटू लागली. अण्णाने डोळे उघडले. पुढे वाकून नळीवरून हात फिरवला.

“नाक आत घेतलंस.”

“हो.”

“घेणारच. तुझे पाय आखूड. मग चेन का नाही कापली, बापू?”

वहिनी हातातलं तांब्याभर पाणी घेऊन तशाच उभ्या होत्या.

“कापली असती तर तुला पुरली नसती,” मी म्हणालो.

“जोडता येते की. कापलेली चेन परत जोडता येते. तुला माहीत आहे.” तो माझ्याकडे पाहत राहिला. “काय आहे?”

मी चाक खाली टेकवलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं होतं, इथून सुरुवात केली. दारापाशी उभे होतो, तू आत झोपला होतास. ते म्हणाले ते मी तुला सांगितलं नाही.

“त्यांचे शब्द सांग,” अण्णा म्हणाला. “तुझे नको.”

“दोन चाकांवर हे आता पुन्हा बसणार नाहीत. ताकद येईल, तोल येणार नाही.”

वहिनी पुढे झाल्या. “भाऊजींना नका बोलू. मीच म्हटलं होतं, सांगू नका म्हणून.”

“तुझ्याशी मग बोलतो,” अण्णा म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्याने पँटचं रबर काढलं, ते बोटांत धरून थोडा वेळ पाहिलं आणि खुर्चीच्या हातावर ठेवलं. “वर्षभर मी या गजाला धरून एका पायावर उभा राहतोय. तू दिवाळीला आलास, समोर बसून पाहिलंस. आणखी थोडं, अण्णा, म्हणालास. म्हणालास का नाही?”

“म्हणालो.”

“दोन चाकांवर नाही म्हणाले ना ते? चाकं दोनच असतात का? मी फिटर आहे, बापू. मला तेव्हाच कळलं असतं तर तीन चाकांची आत्तापर्यंत बनवून चालवली असती. हात होता, डोकं होतं, नळ्या मागे पडल्या आहेत. तुम्ही माझा पाय जपला नाही. तुम्ही माझं वर्ष घेतलं.”

आम्हाला धीर द्यायचा होता, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण मला एक दुसरं खरं आता दिसत होतं, आणि ते इथे लिहितो. मी त्याला धीर दिला नव्हता. त्याचा चेहरा पडताना मला पाहायचा नव्हता, एवढंच. तो पाहावा लागू नये म्हणून मी त्याला वर्षभर एका पायावर उभं केलं.

“कटर आण,” तो म्हणाला.

चेन त्यानेच कापली. मी कडी धरली, त्याने कटरचा दांडा उजव्या हाताने फिरवला. डावा हात मांडीवर पडून होता. पिन बाहेर आली, चेन सुटली, तिचा वरचा भाग पुलीवरून सरकत खाली मातीत गेला. किती कड्या काढायच्या ते त्याने माझे पाय पायडलला लावून ठरवलं. मला बैठकीवर बसवलं, गुडघा किती वाकतो ते पाहिलं, जसा शिंपी बाही पाहतो. बोलला फक्त कामापुरतं. सरळ धर. सोड. तेल दे.

“जा. गल्लीत चालवून ये.”

मी गेलो. सगळे गेअर पडले. सपाटीचा सगळ्यात भारी गेअर टाकला आणि चेन ताठ, मुकी, अंगाखालून वाहत राहिली. कडुलिंबाच्या फांद्या डोक्यावरून सरकत होत्या. अण्णाने बनवली तेव्हा ती अशी चालायची, आणि हे मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. परत आलो तेव्हा तो आत निघून गेला होता.

त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. जेवायला बसला, जेवला, भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या, एकाच ठिकाणची पुन्हा पुन्हा. बरं केलंत की वाईट केलंत ते मला कळत नाही, असं त्या मला म्हणाल्या, आणि मलाही ते कळत नव्हतं. सकाळी निघताना त्यांनी दराब्याचा (रवा, साखर आणि तूप फेसून केलेली, तोंडात टाकताच विरणारी मिठाई) डबा पिशवीत घातला. अण्णा बाहेर आला नाही. येतो रे, असं मी खिडकीशी म्हणालो.

परतीचा रस्ता मोकळा होता. जाताना जे अंतर मी तोंडाला फेस येईस्तोवर पाय फिरवून कापलं, ते आता सायकल आपणहून गिळत होती. पुन्हा केळी आल्या, पुन्हा ते हिरवं ऊन. पण झोप लागेना. एवढे दिवस चेनच्या आवाजात मला काही ऐकू येत नसे, आता सगळं ऐकू येत होतं. सायकल माझ्या मापाची झाली होती. मला ती नको होती. खरं बोलून माणूस हलका होतो असं मी वाचलं होतं, लोकांना वाचायलाही दिलं होतं. मला तसं काही झालं नाही. एक ओझं उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं, फक्त ते आता अण्णाला दिसत होतं.

सीमेच्या जवळ एका वडाखाली थांबून पाणी पीत होतो, तेव्हा फोन वाजला. अण्णा होता. कसा आहेस, कुठे पोचलास, काही नाही.

“एकाच पायाचा जोर असेल,” तो म्हणाला, “आणि मागे दोन चाकं, पुढे एक. तर सगळ्यात हलका गेअर किती हलका लागेल?”

हो-हो, होईल ना सहज, असं काहीतरी तोंडात आलं होतं. ते मी तिथेच थांबवलं.

“मला माहीत नाही, अण्णा.”

त्याच्या मागे कुणीतरी नळ्या ओढत होतं, लोखंडाचा आवाज येत होता.

“बरं,” तो म्हणाला. “मग शोधून काढ.”